कर्नल ड्रायव्हरमधली स्ट्रएनकॉपी काढायची आहे, पण वेगाचं काय?

काटेवाला_०९

मंडळी नमस्कार. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. साखर कारखान्यांच्या वजनकाट्याला लागणारे कंट्रोलर बनवतो. आर्म ६४ बोर्ड, वर लिनक्स, आणि टॅग रीडर नि वजनाचा इंडिकेटर या दोघांसाठी मिळून एक कर्नल मॉड्यूल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात बसणारा ड्रायव्हर. मॉड्यूल लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेलाय, आता ते माझ्या गळ्यात.

आजवर ५.१० कर्नलवर गाडी चालली. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आत ६.१२ वर न्यायचं ठरलं आणि कंपाइललाच गाडं अडलं. स्ट्रएलकॉपी नावाचं फंक्शनच नाही म्हणतोय. बाकी ठिकाणी स्ट्रएनकॉपी आहे. दोन्ही स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, एका जागेवरून दुसरीकडं उतरवणारी फंक्शनं. वरचा प्रोग्राम टॅगवरून शेतकऱ्याची नोंद शोधतो आणि आयऑक्टलनं (प्रोग्रामनं ड्रायव्हरला मारायची हाक) खाली देतो. ड्रायव्हर ती वजनाच्या प्रत्येक नमुन्याला जोडतो, सेकंदाला ५० वेळा. कामाचे बफर चार आहेत: वाहन, शेतकरी, तालुका, गाव. प्रत्येक ४०९६ बाइटचा, कारण त्या भल्या माणसानं सगळीकडं पाथमॅक्स (फाइलच्या पूर्ण पाथची कमाल लांबी) घातलाय. शेवटी बनणाऱ्या रेकॉर्डमध्ये मात्र खाने बारके आहेत, तालुक्याला २४ बाइट, त्याला चिकटून गाव.

जुन्या तक्रारी दोन आहेत. काही चिठ्ठ्यांवर तालुका आणि गाव एकत्र छापून येतं. आणि अधूनमधून टॅगचा नंबर अर्धाच येतो, मग वाहन काट्यावर उभं राहतं आणि मागं तावडे हॉटेलपर्यंत रांग लागल्यागत आरडाओरडा. मालकांचं म्हणणं, स्ट्रिंग फंक्शनं हळू आहेत, त्यात हद्द तपासण्याचा खर्च, ते ऑप्टिमाइझ कर. एक मित्र तर म्हणतोय सरळ स्ट्रकॉपी वापर, तपासणीच नको. काय करू?

रंकाळ्याचा_वारा

मित्राला आधी काट्यावर उभा कर भावा. कर्नलात स्ट्रकॉपी म्हणजे लांब नाव आलं की शेजारच्या मेमरीवर नांगर.

जुनाबग

काटेवाला, तुमच्या प्रश्नात तीन वेगळी दुखणी एकत्र आहेत. आधी फंक्शनांचं बघू.

स्ट्रएनकॉपी ही मुळात ‘सुरक्षित स्ट्रकॉपी’ म्हणून जन्मलेलीच नाही. जुन्या युनिक्सात डिरेक्टरीतल्या फाइलच्या नावाला १४ बाइटचा ठरीव खाना असायचा. नाव लहान असेल तर उरलेला खाना शून्यांनी भरायचा, बरोबर १४ असेल तर शेवटचं शून्य (सी भाषेत स्ट्रिंग संपल्याची खूण) नाहीच. त्या कामाला ती चोख आहे. आपण तिला शेपटाला शून्य असणाऱ्या स्ट्रिंगसाठी राबवतो आणि दोन्ही बाजूंनी मार खातो. नाव मोठं झालं तर शेवट नाही, आणि नाव छोटं असलं तर उरलेला सगळा बफर ती शून्यांनी सारवत बसते. तुमच्या ४०९६ च्या बफरमध्ये १२ बाइटचं नाव टाकलं की ४०८४ शून्यं लिहिली जातात. आर्म ६४ वर तिला खास असेंब्लीही नाही, कर्नलच्या सामायिक फाइलमधला साधा सी लूप चालतो, एकेक बाइट करत, थेट ४०९६ फेऱ्या. म्हणजे खर्च हद्द तपासण्याचा नाहीच. तो रिकामा बफर भरण्याचा आहे.

स्ट्रएलकॉपी १९९८ साली ओपनबीएसडीत आली. शेवटचं शून्य ती नक्की घालते आणि उरलेला बफर भरत बसत नाही. तिचा घोळ परत मिळणाऱ्या आकड्यात आहे. ती मूळ स्ट्रिंगची पूर्ण लांबी सांगते, म्हणजे तुमचा खाना २४ बाइटचा असला तरी स्रोत शेवटपर्यंत चालत जावं लागतं. स्रोत लांबलचक असेल तर वेळ फुकट. स्रोताला शेवटचं शून्यच नसेल तर ती पुढच्या मेमरीत भटकत जाते. टॅग रीडरकडून आलेल्या कच्च्या फ्रेमला शून्य कोण लावतं तुमच्याकडे? कर्नलमधून ती ६.८ ला, २०२४ च्या सुरुवातीला, पूर्ण काढून टाकली. गंमत म्हणजे जीलिबसीनं (साध्या प्रोग्रामांची सी लायब्ररी) तिला त्याच्या आदल्याच वर्षी, २.३८ मध्ये घरात घेतलं होतं. यूजरस्पेसची, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रामांची, गरज वेगळी, कर्नलची वेगळी.

कर्नलमध्ये आता वापरायची ती स्ट्रएसकॉपी. २०१५ साली ४.३ मध्ये आली. दिलेल्या आकारापलीकडचं वाचत नाही, शेवटचं शून्य घालते, आणि नाव मावलं नाही तर उणे ई-टू-बिग म्हणजे उणे ७ परत देते. उरलेला बफर शून्यांनी भरलेला हवा असेल, म्हणजे ते रेकॉर्ड जसंच्या तसं यूजरस्पेसला जाणार असेल, तर तिची पॅडवाली बहीण आहे. ती मात्र ४०९६ च्या बफरवर वापरलीत तर पुन्हा तेच सारवण.

शिकाऊ_सी

सर, मी शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी हाच कोड वाचतोय. स्ट्रएसकॉपी एका वेळी आठ बाइट वाचते ना? मग स्ट्रिंग तिसऱ्या बाइटला संपली तर पुढचे पाच बाइट हद्दीबाहेरचे वाचले गेले की नाही? आणि आठ बाइटांत शून्य आहे हे लूप न लावता कळतं कसं?

जुनाबग

चांगला प्रश्न, आणि याच्या उत्तरातच या फंक्शनाची सगळी कारागिरी आहे. आधी शून्य शोधणं.

आठ बाइटांचा वर्ड घ्या. त्यातून प्रत्येक बाइटात ०१ असलेला स्थिरांक वजा करा. मूळ वर्डचे सगळे बिट उलटे करून त्याच्याशी अँड करा. मग प्रत्येक बाइटात हेक्स ८० असलेल्या स्थिरांकाशी अँड करा. उत्तर शून्य आलं तर वर्डमध्ये शून्य बाइट नाही. हा प्रकार ॲलन मायक्रॉफ्ट यांच्या नावानं ओळखला जातो, १९८७ पासूनचा.

आता कागदावर करून बघ, दोनच बाइट घेऊन. वर्ड समज हेक्स ०१००. खालचा बाइट ००, वरचा ०१. त्यातून ०१०१ वजा केले की उसना घेत घेत एफएफएफएफ उरतात. ०१०० उलटवून एफईएफएफ. दोघांचा अँड एफईएफएफ, आणि ८०८० शी अँड केला की ८०८०. म्हणजे दोन्ही बाइट शून्य असल्याची खूण लागली, पण वरचा तर ०१ आहे! वजाबाकीतला उसना वर सरकल्यामुळे ही खोटी खूण येते. खोटी खूण नेहमी खऱ्या शून्याच्या वरच्याच बाजूला असते. लिटल एंडियन यंत्रावर स्ट्रिंगचा आधीचा बाइट खाली असतो, म्हणून सर्वांत खालची खूण घेतली की काम बिनचूक. बिग एंडियनवर हेच उलटं होतं, म्हणून तिथे थोडं महाग पण नेमकं सूत्र वापरावं लागतं. कर्नलमध्ये दोन्ही वेगवेगळी लिहिलेली आहेत.

पुणेरी_पॅच

मायक्रॉफ्टच्या सूत्रातला तो ‘उलटवून अँड’ अनेक लोक काढून टाकतात, एक सूचना वाचवायला. इंग्रजी मजकुरावर चालतंही, कारण आस्कीतल्या बाइटांचा वरचा बिट शून्यच असतो. आपल्या देवनागरीवर तो काढून बघा. ‘क’ म्हणजे ई० ए४ ९५. ई० मधून ०१ गेला तरी वरचा बिट तसाच, म्हणजे मराठीच्या प्रत्येक वर्डला खोटी खूण. चूक होणार नाही, कारण नंतर हळूवाली तपासणी लागते, पण सगळा मजकूर हळूवाल्या वाटेनं जाणार. बेंचमार्क इंग्रजी नावांवर घ्यायचा आणि माल मराठी नावांवर चालवायचा, असं करू नये.

जुनाबग

अगदी. काटेवाल्यांचा माल मराठीच आहे.

आता हद्दीबाहेरच्या वाचनाचं. हार्डवेअरच्या दृष्टीनं धोका एकच: पुढचं पान मॅप केलेलं नसणं. पान ४०९६ बाइटचं. म्हणून स्ट्रएसकॉपी आधी बघते की स्रोत कुठून सुरू होतोय आणि पान संपायला किती बाइट उरलेत. आठ-आठची उडी तेवढ्याच टप्प्यात मारते, उरलेलं बाइट बाइट. स्रोत आठच्या पटीत असेल तर हा प्रश्नच नाही, कारण आठचा सरळ वर्ड कधी दोन पानांवर पडत नाही. यंत्राला वाकडं वाचन परवडत नसेल आणि पत्ते सरळ नसतील तर ती उडीचा नादच सोडते.

वाचलेले जादा बाइट ती वापरत नाही. शून्य सापडलं की त्यापुढचे बाइट मास्क करून शून्य करते आणि मगच लिहिते. म्हणजे लिहिणं काटेकोर हद्दीत, वाचणं मात्र पानाच्या हद्दीत. केसॅनसारख्या मेमरी-तपासनिसाला हे पटत नाही, तो लगेच बोंब मारतो. म्हणून त्या एका वाचनासाठी वेगळं फंक्शन आहे, जे फक्त पहिला बाइट तपासून पुढच्या सातांना सूट देतं. आर्मच्या मेमरी टॅगिंगमध्ये तर हद्द पानाची राहत नाही, १६ बाइटांचा तुकडा बदलला की टॅग बदलू शकतो, म्हणून तिथे आणखी वेगळी वाट काढावी लागली.

शिकाऊ_सी

मग निऑन (आर्मची वेक्टर रजिस्टरं) वापरून एकदम सोळा बाइट का नाही घेत? जीलिबसीत तर तसंच असतं.

जुनाबग

कर्नलमध्ये वेक्टर रजिस्टर यूजरच्या प्रोग्रामची असतात. ती वापरायची तर आधी जपून ठेवा, काम झालं की परत करा, आणि आर्म ६४ वर ६.८ च्या आधी तर मधल्या काळात प्रीएम्प्शनही (काम मध्येच थांबवून दुसऱ्याला पाळी देणं) बंद असायचं. हा सगळा सोपस्कार १५-२० बाइटांच्या नावासाठी? कर्नलमधल्या स्ट्रिंगा बारीक असतात. टास्कच्या नावाला १६ बाइट, नेटवर्क इंटरफेसच्या नावाला १६, फाइलच्या नावाला २५५. एन्क्रिप्शनसारख्या मोठ्या कामाला वेक्टर परवडतो, नावं उचलायला नाही. म्हणून इथली ऑप्टिमायझेशन साध्या रजिस्टरांत चालते. रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवर झेडबीबी विस्तारात ओआरसी-बी नावाची सूचना आहे, ती प्रत्येक बाइट शून्य आहे की नाही हे एका झटक्यात सांगते. ती असेल तर मायक्रॉफ्टची वजाबाकीही नको. ६.३ पासून तिथल्या स्ट्रलेनमध्ये ती आहे.

पुणेरी_पॅच

स्वतःचं हाताने लिहायची हौस असेल तर एक सापळा सांगून ठेवतो. तुम्ही मेमसेटच्या पोटात साधा लूप लिहिता, जीसीसी कंपायलर म्हणतं ‘अरे हा तर मेमसेट दिसतोय’ आणि त्या लूपच्या जागी मेमसेटलाच हाक घालतं. स्वतःच स्वतःला बोलावत स्टॅक संपतो. म्हणून कर्नलची ती फाइल फ्रीस्टँडिंग झेंडा लावून कंपाइल होते. २०२० मध्ये क्लँग कंपायलरनं एक एसप्रिंटएफ परस्पर एसटीपीकॉपीत बदलली, आणि कर्नलमध्ये ते फंक्शनच नसल्यानं लिंक फुटली. शेवटी फंक्शन घालावं लागलं. कंपायलर हुशार आहे, पण आपल्याला विचारून हुशार नाही.

काटेवाला, तुम्ही स्ट्रएलकॉपीच्या जागी स्ट्रएसकॉपी हे शोधा-बदला करून टाकू नका. परत येणारा आकडा वेगळा आहे. कुठे ‘पॉइंटर अधिक लांबी’ असं लिहिलं असेल आणि नाव मावलं नाही, तर पॉइंटर पुढे जायच्या ऐवजी ७ बाइट मागे येईल. मोठं किंवा समान आहे का अशी तुलना असेल तर चिन्ह नसलेल्या प्रकारात उणे ७ चा अवाढव्य आकडा होतो आणि तपासणी चुकून बरोबर लागते. चुकून बरोबर लागणारा कोड मला तरी चुकणाऱ्यापेक्षा जास्त भीतीदायक वाटतो.

काटेवाला_०९

बापरे. बघालोय एकेक जागा. दोन ठिकाणी पॉइंटर अधिक लांबीच आहे.

चिठ्ठीचं मात्र अजून कोडंच आहे. करवीर, कागल, शिरोळची चिठ्ठी कधी बिघडत नाही. राधानगरीची हमखास. ‘राधानगरीसरवडे’ असं एकत्र येतं. मालक म्हणतात व्हायरस असंल.

बिट_मोजणारी

व्हायरस नाही, भागाकार आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट ३ बाइट. मात्रा आणि हलन्त वेगळे मोजायचे. राधानगरी: र, काना, ध, काना, न, ग, र, वेलांटी. आठ त्रिक चोवीस. तुमचा खाना २४. नाव काठोकाठ बसलं, शून्याला जागा उरली नाही, आणि स्ट्रएनकॉपी तक्रार करत नाही. छापणारा शून्य शोधत पुढच्या खान्यात शिरतो आणि सरवडे घेऊन बाहेर येतो.

मी बाराही तालुके मोजले. शाहूवाडी २४, गगनबावडा २४, राधानगरी २४. गडहिंग्लज आणि हातकणंगले २७. पन्हाळा २१ वर निसटतो. बाकी सगळे त्याच्या आत. म्हणजे बारापैकी पाच तालुक्यांच्या चिठ्ठ्या तुमच्याकडे बिघडत असणार. गडहिंग्लज ‘गडहिंग्ल’ होऊन पुढे गाव चिकटत असेल. बघा जुळतंय का.

काटेवाला_०९

ताई, तंतोतंत! गडहिंग्लजवाले तर ठरलेले भांडतात. मी समजत होतो प्रिंटरचा फाँट खराब आहे.

रंकाळ्याचा_वारा

गडहिंग्लजवाले फाँट चांगला असला तरी भांडतात.

पण मग स्ट्रएसकॉपी लावली की झालं की! शून्याची जागा ती स्वतः राखते.

बिट_मोजणारी

अर्धंच होतं. गाव चिकटणार नाही, पण राधानगरीचा शेवटचा बाइट जाऊन तिथं शून्य येईल. वेलांटीचे तीन बाइट ई० ए५ ८०, त्यातले ई० ए५ मागे लोंबकळत राहतील. चिठ्ठीवर ‘राधानगर’ आणि पुढे चौकोन. स्ट्रएसकॉपीला अक्षर कळत नाही, बाइट कळतात. उणे ७ आल्यावर मागे सरकत जाऊन तुटलेलं अक्षर काढून टाकायचं हे तुमचं काम: बाइटचे वरचे दोन बिट १० असतील तर तो मधला बाइट, अजून मागे जा. तेवढं करूनही ‘गडहिंग्लज’मध्ये हलन्तावर कात्री लागली तर लंगडं जोडाक्षर उरतंच.

खाना ३२ केलात तर ३१ बाइट वापरता येतात, सगळ्यात लांब नाव २७. प्रश्नच मिटला.

काटेवाला_०९

खाना वाढवता येत नाही ताई. कारखान्यातलं पीसीवरचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीचं आहे, त्यांना २४ बाइटच लागतात. बदलायला सांगितलं तर पुढच्या हंगामाची तारीख देतात.

जुनाबग

मग त्या खान्याला स्ट्रिंग म्हणूच नका. तो ठरीव खाना आहे, जुन्या युनिक्सच्या १४ बाइटांसारखाच. कर्नलमध्ये त्यासाठी नॉनस्ट्रिंग अशी खूण लावता येते आणि भरायला स्ट्रटूमेम-पॅड आहे. वाचणाऱ्याला आकारही कळतो आणि हेतूही. छापताना २४ ची मर्यादा फॉरमॅटमध्येच द्या. राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा पूर्ण छापून येतील. गडहिंग्लज आणि हातकणंगलेसाठी वरच्या प्रोग्रामनंच आखूड रूप पाठवावं. पीसीवाले काय करतात ते मात्र बघा, त्यांच्याकडेही शून्य शोधणारा कोड असेल तर तिथं पुन्हा तेच.

आणि कामाचे ४०९६ चे बफर. शेतकऱ्याची नोंद टॅग आल्यावर एकदाच बदलते, नमुन्यामागे नाही. मग ती त्याच वेळी एकदा तपासा, लांबी काढून शेजारी ठेवा, आणि ५० वेळा फक्त मेमकॉपी करा. लांबी आधीच माहीत असणं यासारखं दुसरं ऑप्टिमायझेशन नाही. फोर्टिफाय (कर्नलची बफरची हद्द तपासणारी सोय) चालू ठेवलंत तर खान्याचा आकार कंपायलरला दिसतो. लांबी आणि खाना कंपाइललाच विसंगत असतील तर तिथंच अडतं.

पुणेरी_पॅच

त्याहून सोपं: तालुक्याचं नाव कर्नलात आणायचंच कशाला? १ ते १२ आकडा ठेवा, नाव वर लावा. मुळात हे सगळं रेकॉर्ड कर्नलात जुळवायचं कारण काय, हेही मला कळलेलं नाही. पण ते या धाग्यात नको.

बिट_मोजणारी

मला एक खटकतंय. मालक म्हणतात हळू आहे, टॅग अर्धा येतो. चार बफर गुणिले ४०९६ म्हणजे १६,३८४ बाइट, गुणिले ५०, सेकंदाला ८,१९,२०० फेऱ्या. एका फेरीला ढोबळ ३ सायकल धरा, सुमारे २५ लाख सायकल. १ गिगाहर्ट्झच्या कोअरला सेकंदाला १०० कोटी असतात. म्हणजे तुमचं ते सगळं वाईट स्ट्रएनकॉपी प्रकरण पाव टक्का खातंय. काढून टाका, जरूर काढा, पण त्यानं टॅग अर्धा येणार नाही आणि काढल्यानं पूर्णही येणार नाही.

ड्रायव्हरमध्ये दर नमुन्याला प्रिंटके (कर्नलमधून संदेशाची ओळ छापणं) आहे का? कन्सोल सिरियलवर आहे का?

काटेवाला_०९

व्हय, आहे. डीबगसाठी म्हणून त्यानं ठेवलेली ओळ, चारही खाने छापते. साधारण ८० बाइट होतात. कन्सोल सिरियलच, ११५२०० वर. टॅग रीडर दुसऱ्या पोर्टवर, तोही ११५२०० वरच. का हो?

बिट_मोजणारी

मग हिशेब करा. एका बाइटला सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून १० बिट, म्हणजे सेकंदाला ११,५२० बाइट, एका बाइटला सुमारे ८७ मायक्रोसेकंद. ८० बाइट म्हणजे जवळजवळ ७ मिलिसेकंद. सिरियल कन्सोलवर कर्नल ते बाइट स्वतः उभा राहून ढकलतो, आणि तेवढा वेळ त्या कोअरवर इंटरप्ट (हार्डवेअरच्या हाका) बंद. सेकंदाला ५० वेळा. म्हणजे ३५० मिलिसेकंद, एका कोअरचा एक तृतीयांशापेक्षा जास्त वेळ नुसता ओळी छापण्यात.

आता टॅग रीडर. त्याच्या यूआर्टचा (सिरियल पोर्टच्या चिपचा) फिफो, म्हणजे आलेले बाइट थांबायची जागा, १६ बाइटचा असेल तर तो १.४ मिलिसेकंदांत भरतो. तुम्ही ७ मिलिसेकंद कान बंद करून बसलात. पुढचे बाइट गेले. टॅग अर्धा.

पुणेरी_पॅच

कोअर एकापेक्षा जास्त असतील ना? इंटरप्ट दुसऱ्या कोअरनं घेतला असता.

बिट_मोजणारी

घेतला असता, त्याच्याकडे पाठवला असता तर. प्रॉकमधली (कर्नल आपली माहिती दाखवतो ती जागा) इंटरप्ट्सची फाइल बघायला सांगा त्यांना, बहुतेक सगळे आकडे पहिल्याच कोअरच्या रकान्यात असतील. आणि प्रॉकच्या टीटीवायखाली ड्रायव्हरची फाइल आहे, त्यात प्रत्येक पोर्टपुढे ‘ओई’चा आकडा असतो, ओव्हररन एरर. बाइट हार्डवेअरमध्येच हरवले तर तो वाढतो. स्ट्रएनकॉपीनं कापले तर वाढणार नाही. इथं अंदाजाला जागाच नाही.

काटेवाला_०९

बघितलं. चारही कोअर आहेत, पण दोन्ही पोर्टांचे इंटरप्ट पहिल्याच रकान्यात. बाकी तीन शून्य. आणि टॅगच्या पोर्टचा ओई वाढतोय. वर्कशॉपमध्ये रीडरसमोर टॅग फिरवत राहिलो, प्रत्येक फिरवण्याला नाही, पण मधूनच पुढे सरकतो आणि त्याच वेळी नंबर अर्धा. कन्सोलची पातळी खाली आणून तीच ओळ गप्प केली, मग कितीही फिरवा, ओई जागचा हलत नाही.

मालकांना सांगितलं. ते म्हणाले मग स्ट्रिंग ऑप्टिमाइझ करायचं बिल लावायचं की नाही.

रंकाळ्याचा_वारा

लाव की! हद्द तपासली की त्यांनी. नाद खुळा, ताईंनी बोर्ड न बघता काटा पकडला.

जुनाबग

ओळ काढायची नसेल तर देव-डीबीजी करा, डायनॅमिक डीबगनं हवी तेव्हा चालू करता येते. रेटलिमिटवाली पण आहे, पण ती मूळ सेटिंगवर ५ सेकंदांत १० ओळी सोडते. त्या १० ओळीही एकामागोमाग आल्या तर तुमच्या फिफोला पुरेशा आहेत, म्हणून इथे ती नको. ट्रेस-प्रिंटके रिंग बफरमध्ये लिहिते, सिरियलला हातही लावत नाही. तपासायला तीच बरी, पण शेवटच्या बिल्डमध्ये ठेवू नका.

टॅगचा इंटरप्ट दुसऱ्या कोअरवर टाकून ठेवा, उद्या दुसऱ्या कुणी ओळ घातली तरी वाचाल.

शिकाऊ_सी

म्हणजे वर्ड-वर्ड वाचणं वगैरे सगळं फुकट गेलं का?

जुनाबग

ते फुकट कसं जाईल? डीकॅशमध्ये (फाइलनावांचा कर्नलातला साठा) पाथ शोधताना प्रत्येक नावाचा हॅश निघतो, सेकंदाला लाखो वेळा निघू शकतो. तिथं हीच युक्ती २०१२ पासून आहे आणि तिथं ती भाकरी कमावते. इथं ५० वेळा चालणाऱ्या कोडात ती आपसूक मिळते एवढंच. प्रोजेक्टसाठी मोजायचं असेल तर नावांची लांबी ८, १६, २४, २७ अशी बदलून बघ, आणि पत्ता पानाच्या शेवटाजवळ नेऊन बघ. तिथं आलेख वाकतो ते दिसेल. मराठी नावं घे, पुणेरींनी सांगितलंय ते लक्षात ठेव.

काटेवाला_०९

आता केलेलं सांगतो. कामाचे बफर ६४ बाइटांवर आणले, वरून आलेलं नाव आयऑक्टलमध्येच स्ट्रएसकॉपीनं घेतो आणि उणे ७ आला तर वरच्या प्रोग्रामला तोच परत देतो, गुपचूप कापत नाही. लांबी शेजारी ठेवली. तालुक्याचा खाना नॉनस्ट्रिंग केला. पीसीवाल्यांना फोन केला, त्यांचा कोडही शून्यच शोधतो म्हणाले, ‘पण आमच्याकडं कधी तक्रार आली नाही’.

तेवढ्यासाठी वरच्या प्रोग्राममधून राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा या तिघांनाही आखूड रूप द्यावं लागणार. तालुक्याचं नाव आखूड केलेलं लोकांना चालतं का हो? ‘गडहिं.’ लिहिलं तर काट्यावरच मारतील.

पुणेरी_पॅच

एसटीवरच्या पाट्या बघा, तिथं काय लिहितात ते घ्या. नाहीतर तालुक्याच्या खान्यात आकडा आणि गावाच्या खान्यात ‘सरवडे, राधानगरी’. गावाचा खाना किती बाइटचा आहे?

काटेवाला_०९

४८.

बिट_मोजणारी

सरवडे पाच कोडपॉइंट, १५. स्वल्पविराम आणि जागा २. राधानगरी २४. एकूण ४१, शून्य धरून ४२. बसतं. पण लांब नावाची गावं आहेत, गडहिंग्लज नि हातकणंगलेकडची आधी मोजून घ्या. तालुका २७, मधले २, शून्य १. गावाला १८ बाइट उरतात, म्हणजे सहा कोडपॉइंट.